नावाला कात्री

डॉक्टरांनी "सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारलं की आपल्याकडचा पेशंट नावं सांगत नाही, वर्णन सांगतो. "सकाळी एक छोटी गुलाबी असते. दुपारी काही नाही. रात्री ती पिवळी, जरा कडवट." डॉक्टर विचारतात, "गुलाबीचं नाव काय?" पेशंट बायकोकडे बघतो. बायको म्हणते, "अहो, ती नाही का, बीपीची!" आणि मग दोघंही डॉक्टरांकडे अशा नजरेने बघतात, की एवढ्या खुणा सांगितल्यावर आरोपी सापडायलाच हवा. तापाची गोळी असेल तर वर्णनही ठरलेलं: पांढरी, लांबट, मधे रेघ असलेली.

या पांढऱ्या लांबट गोळीला नाव आहे. पॅरासिटामॉल. घरात सहज सापडणाऱ्या वस्तूंमध्ये इतकं विद्वान नाव दुसऱ्या कुठल्या वस्तूचं नसेल. खाण्याचा सोडा हा सोडियम बायकार्बोनेट असतो, पण भज्यांच्या पिठात चिमूटभर टाकताना कुणी त्याला तशी हाक मारत नाही. तुरटी, मोरचूद, टाकणखार ही सगळी रसायनं आपल्याकडे आली आणि मराठी नावं घेऊन राहिली. पॅरासिटामॉल मात्र प्रयोगशाळेतलं नाव तसंच ठेवून थेट फ्रिजवरच्या डब्यात येऊन बसलं. 'तापाची गोळी' म्हणाल, तर तो हुद्दा झाला, नाव नव्हे.

आता गंमत अशी, की हे विद्वान नावही पूर्ण नाही. ते कापलेलं आहे. मूळ नाव पॅरा-अ‍ॅसिटिल-अमिनो-फेनॉल. ताप चढलेल्या माणसाला एवढं उच्चारता आलं, तर त्याला गोळीची गरज नाही असं समजून घरी पाठवायला हरकत नाही. म्हणून कुणीतरी कात्री घेतली. 'पॅरा'मधून 'पॅर' घेतलं, मग 'अ‍ॅसिट', मग 'अमिनो'तलं 'अम', आणि शेपटाकडचं 'ऑल'. चार तुकडे शिवले आणि इंग्रजी भाषेला एक नवा शब्द मिळाला.

या चार तुकड्यांच्या अर्थाकडे बघितलं तर गोळी गिळायची भीतीच वाटेल. 'पॅरा' हे ग्रीक. मूळ अर्थ 'शेजारी' किंवा 'पलीकडे', पण रसायनशास्त्रात सहा कोपऱ्यांच्या बेंझीनच्या कडीवर दोन पाहुणे बरोब्बर समोरासमोर बसले असतील तर 'पॅरा' म्हणतात. शेजारीशेजारी बसले तर 'ऑर्थो', एक कोपरा सोडून बसले तर 'मेटा'. 'अ‍ॅसिट' हे लॅटिनमधल्या 'असेटम'वरून, म्हणजे शिरका, आजकालच्या भाषेत व्हिनेगर. इथवर ठीक आहे. पण 'अम' आला अमोनियापासून, अमोनियाचं नाव पडलं 'साल अमोनियाक' या क्षारावरून, आणि त्या क्षाराचं नाव जातं थेट इजिप्तच्या आमोन या देवापर्यंत. इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात सिवा नावाचं एक मरूद्यान आहे, तिथे या देवाचं प्रसिद्ध देऊळ होतं. तिकडून येणारा तो आमोनचा क्षार.

हा आमोनचा क्षार आपल्याला परका नाही. त्याला आपण नवसागर म्हणतो. ज्यांनी दारात कल्हईवाला बसलेला पाहिला आहे त्यांना हा देव नाकाने ओळखता येईल. भात्याने कोळसे फुललेले, पातेलं सांडशीत धरून गरगर फिरतंय, कथलाची कांडी टेकली की चकाकती रेघ उमटते, आणि तेवढ्यात कल्हईवाला नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्याने पातेलं पुसतो. भस्सकन पांढरा धूर उठतो. आजूबाजूला उकिडवी बसलेली पोरं नाक दाबून मागे सरकतात आणि लगेच पुन्हा पुढे येतात. त्या धुरात अमोनियाचा जो झणका असायचा, त्याचंच एक अक्षर आज तुमच्या तापाच्या गोळीच्या नावात बसलं आहे.

राहता राहिलं 'ऑल'. ते आलं अल्कोहोलच्या शेपटातून आणि अल्कोहोल आलं अरबी 'अल-कुहल'मधून. कुहल म्हणजे सुरमा. डोळ्यात घालायची बारीक वस्त्रगाळ पूड. मग 'अल-कुहल' म्हणजे कुठलीही बारीक पूड, मग कुठल्याही पदार्थाचा अर्क, आणि शेवटी दारूचा अर्क, असा त्या शब्दाचा प्रवास डोळ्यांपासून सुरू होऊन पेल्यापर्यंत गेला. थोडक्यात, रात्री दोन वाजता अंगावर दोन चादरी घेतलेला माणूस पाण्याच्या घोटाबरोबर जे गिळतो, त्यात ग्रीकांचा समोरचा पाहुणा, रोमनांचा शिरका, इजिप्तचा देव आणि अरबांचा सुरमा एवढी मंडळी असतात. तरी पोटात गलबला होत नाही हेच नवल.

रसायनशास्त्रज्ञांना अर्थातच हे कापलेलं नाव पसंत नाही. त्यांचा बाणा असा, की नाव ऐकून आकृती काढता आली पाहिजे. 1892 साली जिनिव्हात जमून त्यांनी कार्बनी पदार्थांना नावं ठेवण्याचे नियम केले. 'नावं ठेवणे' या क्रियेसाठी बैठक बोलवावी लागते, हे आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात कुणाला पटलं नसतं. पुढे 1919 मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय संघटनाच निघाली. त्या नियमांप्रमाणे आपल्या गोळीचं नाव एन-फोर-हायड्रॉक्सिफेनिल अ‍ॅसिटामाइड. म्हणजे घराणं अ‍ॅसिटामाइडचं. त्यातल्या नायट्रोजनला, तो 'एन', फेनिलची कडी जोडलेली. आणि कडीच्या चौथ्या कोपऱ्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. बारावीत हे मन लावून शिकलेला मुलगा नुसतं नाव ऐकून कागदावर रेणू काढून दाखवतो. तुमचं-आमचं नाव ऐकून कुणाला आपली आकृती काढता येत नाही, हे एका परीने बरंच आहे.

हा बाणा शेवटपर्यंत नेला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या स्नायूंमध्येच आहे. टायटिन नावाचं एक अवाढव्य प्रथिन असतं. त्यातल्या एकेका घटकाचं नाव क्रमाने लिहीत गेलं तर जे रासायनिक नाव तयार होतं ते इंग्रजीत 1,89,819 अक्षरांचं भरतं. हौशी मंडळी ते मोठ्याने वाचतात आणि त्यात काही तास जातात. कुठलाही शब्दकोश त्याला आत घेत नाही. सुदैवाने ते औषध नाही, नाहीतर प्रिस्क्रिप्शन घेऊन येताना पेशंटला हमाल करावा लागला असता.

म्हणून मग कात्री. आणि कात्री हातात आली की माणूस नुसतं लांब ते आखूड करून थांबत नाही. काय ठेवायचं आणि काय टाकायचं यात आपला स्वार्थही बघतो. याची सुरुवात 1886 साली स्ट्रासबर्गमध्ये झाली. कान आणि हेप या दोन डॉक्टरांनी पोटातल्या जंतांवर उपाय म्हणून एका पेशंटला नॅफ्थलीन द्यायचं ठरवलं. नॅफ्थलीन म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. हे जंतांना मारायचं की पेशंटला, असा प्रश्न आज पडतो; तेव्हा पडत नसे. औषध दिलं, जंत होते तिथेच राहिले, पण ताप मात्र झपाट्याने उतरला. चौकशी केली तेव्हा कळलं, की औषधाच्या दुकानातून बाटलीच दुसरी आली होती. तिच्यात होतं अ‍ॅसिटॅनिलाइड. मेडिकलवाल्याच्या हातून चुकून भलतंच औषध गेलं आणि गुण आला, अशी वैद्यकशास्त्राच्या इतिहासातली ही फार मोलाची नोंद आहे. मात्र ती प्रमाण मानून कुणी वागू नये.

आता अ‍ॅसिटॅनिलाइड हा आधीपासून माहीत असलेला पदार्थ. त्याच्या नावावर कुणाचीच मालकी नव्हती. कुणीही करावं आणि विकावं. मग ते बाजारात आणणाऱ्या कंपनीने त्याला मालकीचं नाव दिलं: अँटिफेब्रिन. 'फेब्रिस' म्हणजे लॅटिनमध्ये ताप, त्याच्याविरुद्ध ते अँटिफेब्रिन. वस्तू सार्वजनिक, नाव खाजगी! आजच्या औषधबाजाराचा अर्धा व्यवहार या चार शब्दांत येतो. 1899 मध्ये जर्मनीत अ‍ॅस्पिरिन हे नाव निघालं, तेही असंच. 'अ' अ‍ॅसिटिलचा, 'स्पिर' हा स्पायरिया नावाच्या फुलझाडावरून आणि 'इन' शोभेला. हे नाव लोकांच्या तोंडी इतकं बसलं, की अमेरिकेत 1921 साली न्यायालयाने सांगितलं, सामान्य गिऱ्हाइकासाठी हा आता पदार्थाचाच शब्द झाला आहे, तो कुणा एकाचा राहिलेला नाही. नाव फार लोकप्रिय करू नये, ते हातचं जातं, हा धडा तिथून सगळ्या कंपन्यांनी घेतला.

या सगळ्या धामधुमीत आपलं पॅरासिटामॉल कुठे होतं? ते 1877 सालीच अमेरिकेत हार्मन मोर्स या रसायनशास्त्रज्ञाने तयार करून ठेवलं होतं. पण कुणी त्याच्याकडे फारसं बघितलं नाही. अ‍ॅसिटॅनिलाइडने ताप उतरायचा, पण कधीकधी पेशंटचे ओठ निळे पडायचे. शेवटी 1948 मध्ये ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की पोटात गेल्यावर अ‍ॅसिटॅनिलाइडचं शरीरच पॅरासिटामॉल करतं आणि गुण येतो तो त्याचा. म्हणजे साठ वर्षं काम एकाने केलं आणि पगार दुसऱ्याच्या नावावर निघाला. सरकारी कार्यालयांचा अनुभव असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

मग 1955 मध्ये ते अमेरिकेत आणि 1956 मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलं, आणि इथे नावाची खरी वाटणी झाली. मूळ लांबलचक नाव एकच. ब्रिटिशांनी त्यातून पॅरासिटामॉल कापलं. अमेरिकनांनी त्याच नावाला दुसरीकडून कात्री लावली आणि 'अ‍ॅसिट-अमिनो-फेन' एवढं घेतलं: अ‍ॅसिटॅमिनोफेन. हा 'फेन' ग्रीक 'चमकणे' या क्रियेवरून आला आहे. दिवाबत्तीच्या गॅसशी बेंझीनचं नातं होतं, म्हणून ऑग्यूस्त लोराँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बेंझीनला 'फेन' म्हटलं होतं. म्हणजे ब्रिटिशांनी सुरमा ठेवला आणि प्रकाश टाकला; अमेरिकनांनी प्रकाश ठेवला आणि सुरमा टाकला. राहिलेल्या चिंध्याही वाया गेल्या नाहीत. अ‍ॅसिटिलमधलं 'टिल' आणि फेनॉलमधलं 'एनॉल' उचलून तिकडे टायलेनॉल हे ब्रँडचं नाव झालं. एका नावात तिघांची सोय. काटकसर म्हणतात ती ही.

या दोन कात्र्यांच्या मधे सापडतात मुलाकडे सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेलेले आपले काका-काकू. बॅगेत मेतकूट असतं, गोडा मसाला असतो, औषधांची पिशवी असते. पण चौथ्या महिन्यात पिशवीतल्या तापाच्या गोळ्या संपतात. मुलगा ऑफिसला गेलेला. काका स्वाभिमानी. ते कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन स्वच्छ पुणेरी इंग्रजीत पॅरासिटामॉल मागतात. काउंटरवरची मुलगी म्हणते, असं काही आमच्याकडे नाही. काका अंगठा आणि तर्जनी जवळ आणून आकार दाखवतात. पांढरी. लांबट. मधे रेघ. मुलगी विचारते, कशासाठी हवी? काका कपाळावर हात ठेवून ताप चढल्याचा अभिनय करतात. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर प्रकाश पडतो आणि ती घाईघाईने काहीतरी बोलते.

काका घरी येऊन काकूंना सांगतात, "अगं, ती सारखी म्हणत होती, अशी ती मीना, फोन. कोण मीना? आणि तिला कशाला फोन?"

संध्याकाळी मुलगा येतो आणि शंभर गोळ्यांची बाटली पुढे ठेवतो. काका चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचतात. अमेरिका, कॅनडा आणि जपान या देशांत आपली गोळी या नावाने वावरते हे त्यांना तेव्हा कळतं. "पण मग पॅरासिटामॉल म्हणायला यांचं काय जातं?" हा प्रश्न उरतोच. त्यांचं उत्तरही तेच असणार.

एड्रिनलिनचंही असंच झालं. 'अ‍ॅड' म्हणजे लगत आणि 'रेन' म्हणजे मूत्रपिंड, हे लॅटिन. तिकडे एका कंपनीने त्या नावावर हक्क घेतल्यामुळे अमेरिकेने सरकारी नाव घेतलं एपिनेफ्रिन. 'एपि' म्हणजे वर, 'नेफ्रॉस' म्हणजे मूत्रपिंड, हे ग्रीक. अर्थ तोच, अवयव तोच. इमर्जन्सीमध्ये सुई टोचण्याच्या घाईतसुद्धा माणसाला आपली भाषा सोडवत नाही.

हा गोंधळ आवरायला जागतिक आरोग्य संघटनेने 1950 च्या दशकात औषधांना आंतरराष्ट्रीय नावं द्यायची व्यवस्था सुरू केली. आपल्या गोळीच्या बाबतीत तिने कौल दिला पॅरासिटामॉलला. या व्यवस्थेचं एक वैशिष्ट्य मराठी माणसाला लगेच समजेल. एका जातीच्या औषधांना एकच शेपूट. ते म्हणजे त्यांचं आडनाव. आपल्याकडे नुसतं 'नगरकर', 'सातारकर' ऐकलं की गाव कळतं, तसं औषधाच्या शेवटावरून घराणं कळतं. मेटोप्रोलोल, अटेनोलोल, प्रोप्रानोलोल: ही सगळी 'लोल' मंडळी, हृदयाची धडधड कमी करणारी. टेल्मिसार्टन, लोसार्टन: हे 'सार्टन', रक्तदाबाचे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल: हे 'प्राझोल', आणि हे आडनाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलेलं आहे, कारण पित्त घरोघरी पोचलेलं आहे. गुलाबी-पिवळीच्या भानगडीत न पडता आजोबांनी फक्त आडनावं पाठ केली तरी डॉक्टरांचं निम्मं काम होईल.

नाव ठेवण्याचे त्यांचे नियमही वाचण्यासारखे आहेत. जगातल्या सगळ्या भाषांना उच्चारता यावं म्हणून रोमन लिपीतली 'एच' आणि 'के' ही अक्षरं शक्यतो टाळायची. म्हणजे आपलं 'कर' पहिल्याच फेरीत बाद. हळबे, कर्वे, खरे यांनाही आशा नाही. आणि कुलकर्णी तर औषधालाही सापडायचे नाहीत. दुसरा नियम असा, की नावावरून पेशंटला रोगाची किंवा गुणाची कल्पना येता कामा नये. तापहरण, संधिसुधा, पोटशांती असली नावं चालणार नाहीत. आपल्याकडे बाळाचं नाव ठेवताना आधी 'अर्थ काय?' असं विचारतात. तिकडे अर्थ निघाला तर नाव रद्द. पॅरासिटामॉल मात्र जुन्या वळणाचं. त्याला घराण्याचं शेपूट नाही, उलट अंगावर सगळा अर्थ लादलेला आहे. फक्त तो कुणाला कळत नसल्यामुळे नियम मोडल्यासारखं वाटत नाही.

नाव एकदा ठरलं की ते वापरणाऱ्यांच्या हाती जातं, आणि वापरणाऱ्यांच्या हातात पुन्हा कात्रीच असते. इंग्रजांनी पॅरासिटामॉल हा शब्द मोजता येणारा करून टाकला. 'एक पॅरासिटामॉल घे, दोन पॅरासिटामॉल घे' असं ते लोणी-पावाइतक्या सहजपणे म्हणतात, आणि शब्दकोशांनी त्याचं अनेकवचनही मान्य केलं. आपण त्याला लिंगही दिलं. वर्गात शिकवताना ते असतं 'ते पॅरासिटामॉल', नपुंसकलिंगी, सभ्य, दूरचं. डब्यात आलं की ती होते. "पॅरासिटामॉल घेतलीस का?" पदार्थाची गोळी झाली, गोळीची 'ती' झाली, आणि घरची झाली.

डॉक्टरांची कात्री तर सगळ्यात धारदार. अमेरिकेतल्या चिठ्ठ्यांवर मूळ नावाचे तुकडे 'अ‍ॅसिटिल-पॅरा-अमिनो-फेनॉल' असे फिरवून त्यांची आद्याक्षरं ए-पी-ए-पी लिहायची पद्धत पडली. देवनागरीत जोडून वाचलं तर 'अपाप'! इतकं निरागस नाव दुसऱ्या कुठल्या औषधाला मिळालं नसेल. आपल्याकडचे डॉक्टर 'पीसीएम' लिहितात, पुढे 650, आणि त्यापुढे 'एसओएस'. हे एसओएस वाचून बऱ्याच घरांत धस्स होतं. जहाज बुडताना करतात तो हा इशारा, मग बाबांना एवढं काय झालंय? प्रत्यक्षात ते लॅटिनमधल्या 'सि ओपुस सित'चं लघुरूप आहे: लागली तर घ्या. जगातल्या सगळ्यात बेफिकीर सूचनेला सगळ्यात घाबरवणारी तीन अक्षरं मिळाली आहेत.

आणि मग आपण येतो मेडिकलमध्ये. दुकानाच्या पाटीवर 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' लिहिलेलं असतं, पण केमिस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परीक्षानळ्या येतात. म्हणून दुकानाचं नाव मेडिकल आणि माणसाचं नाव मेडिकलवाला.

"क्रोसिन द्या हो एक."

"क्रोसिन संपली. ही देतो. सेम आहे."

"सेम म्हणजे?"

"काका, आत पॅरासिटामॉलच आहे. दोन्हीत."

"तेच असेल तर नाव वेगळं कशाला?"

मेडिकलवाल्याकडे याचं उत्तर असतं, पण मागे तीन गिऱ्हाइकं उभी असतात. तो म्हणतो, "कंपनी वेगळी." काका गोळी उलटीसुलटी करून बघतात आणि शेवटचा मुद्दा काढतात, "मला हिचा गुण येत नाही." यावर जगातल्या कुठल्याही औषधकोशाकडे उत्तर नाही. जनऔषधीच्या दुकानात हीच अडचण उलट बाजूने येते. तिथे गोळी इतकी स्वस्त मिळते, की माणसाला शंका येते, एवढ्या पैशात ताप कसा उतरेल? ताप उतरायचा तो भाव बघून, अशी आपली श्रद्धा. ऑगस्ट 2023 मध्ये डॉक्टरांनी मूळ औषधाचंच नाव लिहावं असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढला, त्यावर इतका गदारोळ झाला, की त्याच महिन्यात तो स्थगित झाला. एसओएस म्हणतात ते हेच. लागला तर घ्या.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं थोडं नाही. सर्दीसाठी मिळणाऱ्या कितीतरी गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणाऱ्या औषधाबरोबर पॅरासिटामॉलही असतं. नाव वेगळं, रंग वेगळा, जाहिरातीतला माणूस वेगळा. घरातली माऊली सर्दीसाठी एक रंगीत गोळी देते, ताप आहे म्हणून पांढरी लांबट देते, अंग दुखतंय म्हणून शेजारच्या काकूंनी सुचवलेली तिसरी देते. तिघींच्या पाठीवर एकच नाव असतं. मोठ्या माणसाला दिवसभरात 4 ग्रॅम ही पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा धरतात, म्हणजे पाचशेच्या 8 गोळ्या. अशक्त, यकृताचा त्रास असलेल्या किंवा रोज पिणाऱ्या माणसासाठी त्याहून कमी. मर्यादा ओलांडली तर मार बसतो यकृताला, आणि पहिल्या दिवशी ते फारशी तक्रारही करत नाही. अमेरिकेत यकृत अचानक निकामी होण्याच्या कारणांमध्ये पॅरासिटामॉलचा अतिरेक सगळ्यात वर आहे. तिकडच्या औषधविषयक संस्थांनी म्हणूनच सांगितलं, की लेबलवर ते 'अपाप' लिहू नका, पेशंटला त्यातून काही कळत नाही. ब्रिटनने 1998 मध्ये साध्या दुकानातून 16 गोळ्यांहून मोठं पाकीट विकायला बंदी केली. आपल्याकडे 2018 पासून नियम आहे, की स्ट्रिपवर मूळ औषधाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन मापं मोठ्या टाइपात छापायचं. छापतातही. पण डोळा जातो रंगावर.

आणि नावाच्या या प्रवासातली शेवटची कात्री खरीखुरी, लोखंडी असते. ती मेडिकलवाल्याच्या काउंटरवर दोरीने बांधलेली असते. "दोनच द्या" म्हटलं की तो स्ट्रिप उचलतो, कचकन दोन गोळ्यांपुरता तुकडा कापतो आणि पुडीत टाकतो. नावाचे दोन भाग होतात. एक्स्पायरीची तारीख त्याच्याकडे राहते, बॅच नंबर पुढच्या गिऱ्हाइकाला जातो. घरोघरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात हे तुकडे साठतात. एकावर 'पॅरासि', एकावर 'टामॉल टॅब', एकावर नुसतं 'आयपी 500'. आयपी म्हणजे भारतीय औषधकोशाबरहुकूम केलेली गोळी. पण नुसत्या आयपीवरून ती तापाची की जुलाबाची हे खुद्द औषधकोशालाही सांगता येणार नाही. ताप आला की हा डबा पलंगावर पालथा होतो आणि आजी, सून आणि नातू मिळून शिलालेख लावायला बसतात. ग्रीक, लॅटिन, इजिप्शियन आणि अरबी एवढ्या भाषा ओलांडून आलेल्या नावाची गाठ शेवटी 'ही नसेल बहुतेक, हिला रेघ नाहीये' या वाक्याशी पडते.

यावर उपाय फार विद्वान नाही. लांबलचक नाव पाठ करायला नको, आमोनच्या देवळात जायला नको. स्ट्रिपची पाठ वाचायची, दोन वेगळ्या रंगांच्या पाठीवर एकच नाव दिसलं तर एक परत डब्यात टाकायची, आणि डॉक्टरांनी विचारलं तर रंगाऐवजी ते नाव सांगायचं. आणि मेडिकलवाल्याला म्हणायचं, "दादा, गोळ्या दोनच पुरेत, पण नाव अख्खं द्या." तो म्हणेल, "काका, अख्ख्या नावासाठी अख्खी स्ट्रिप घ्यावी लागेल." घ्या. पाचशेची साधी स्ट्रिप फार महाग नसते. एका कटिंगच्या पैशात न कापलेलं नाव मिळत असेल, तर आपल्याला आणखी काय हवं?